ती आमच्या घरचं पाणी प्यायली

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत आम्ही पारनेर तालुक्यातल्या एका लहान गावात राहत होतो. माझे यजमान मिशनच्या शाळेत मास्तर होते. महारवाड्याला लागूनच आमचं घर, आणि त्याच्या शेजारी शाळेचं छप्पर. बाजाराच्या दिवशी ते पेटी घेऊन बसत, भजनं म्हणत, येशूची एखादी गोष्ट सांगत. मला चारचौघांत बोलता यायचं नाही. माझ्याकडे बायका यायच्या त्या शिवण शिकायला, नाहीतर मलम मागायला. हात कामात असताना जे बोलणं निघेल तेवढंच.

त्यांत गावातल्या एका बड्या शेतकऱ्याची तरणी विधवा बहीण होती. ती मलमासाठी आली तेव्हा तिच्या पाठीवर आसुडाचे वळ होते. भाऊ दारूला शिवत नसे, शुद्धीत मारायचा. मी मलम लावत होते. ती म्हणाली, "मास्तरीणबाई, तुमच्या देवाला मारलं तवा त्यो काय म्हनला?"

"मारणाऱ्यांनाच माफ कर म्हणाला."

तिनं पदर पाठीवर ओढून घेतला. मग म्हणाली, "मला न्हाई जमायचं."

"मलाही नाही जमत," मी म्हटलं. पण त्यानंतर ती वरचेवर येऊ लागली.

एका दुपारी तिनं पाणी मागितलं. मी हात आखडला. "घरी कळलं तर?"

"कळू द्या," म्हणत तिनं स्वतःच माठातून तांब्या भरला आणि घटाघटा प्यायली. कुणीतरी ते पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ती धावत घरात शिरली. डोकं फुटलं होतं, रक्त डोळ्यांत उतरत होतं. मागोमाग भाऊ आणि दोन चुलतभाऊ, हातात काठ्या. यजमान उठले आणि दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

"आत बायामाणसं आहेत. काय असेल ते माझ्याशी बोला."

"ए मास्तर, बाजूला हो! आमचं घरानं बाटवलंस तू!"

पहिली काठी कोपरावर बसली. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज झाला. त्यांनी दुसऱ्या हातानं चौकट धरून ठेवली. मग त्या हातावर मारलं. ते पडले तसे चुलतभावांनी त्यांना पोटात लाथा घातल्या, पेटीवर नाचून तिचा चुरा केला. भावानं बहिणीचे केस धरले आणि तिला फरफटत बाहेर ओढलं. मी तिचे पाय धरले. तो ओढत होता, मी सोडत नव्हते. अखेर केसांचा झुबका कातडीसकट त्याच्या हातात आला. ती ओरडली नाही. मी त्याच्या मनगटाचा कडाडून चावा घेतला. त्यानं काठीचं टोक माझ्या तोंडावर हाणलं आणि माझे पुढचे दोन दात जमिनीवर पडले.

महारवाड्यातली माणसं दूर उभी होती. ती सारी त्याच भावाच्या शेतावर राबायची. पुढं व्हायला त्यांची छाती होईना. मग एक म्हातारी बाई कमरेवर हात ठेवून पुढं आली. तिनं धोंडा उचलून फेकला. तो एका चुलतभावाच्या कानशिलाला लागला. त्यामागून धोंड्यांचा पाऊसच पडला. ते तिघं हटले, पण जाता जाता त्यांनी शाळेच्या छपराला काडी लावली.

पारनेरहून फौजदार आला. यजमान कुणाचंच नाव घेईनात. सुजलेल्या तोंडानं मीच तिघांची नावं सांगितली. बैलगाडीतून यजमानांना आणि त्या विधवेला नगरच्या मिशनच्या दवाखान्यात नेताना मी यजमानांना विचारलं, "मी नावं सांगितली ते तुम्हाला आवडलं नाही ना?"

"मी त्यांना माफ केलंय," ते कण्हत म्हणाले. "आणि तू खरं सांगितलंस. दोन्ही बरोबरच झालं की."

मला तेव्हा त्यांचा रागच आला.

तिघांना सजा झाली. ती विधवा बरी झाल्यावर नगरला त्याच दवाखान्यात कामाला राहिली. काही महिन्यांनी तिची आई आमच्या दारात आली. "माज्या पोराला खडी फोडाया घातलंस," म्हणून थुंकली. पण गेली नाही. थोड्या वेळानं पदरानं तोंड पुसत म्हणाली, "पोरगी जेवती का?"

मी तिला प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीनं नगरला घेऊन गेले. पोरगी एका आजारी बाईचं अंग पुसत होती. डोक्यावर केस नव्हते तेवढी जागा पांढरी चकचकीत दिसत होती. आईनं तिला पाहिलं, पुढं होऊन फाडकन तिच्या थोबाडीत मारली, आणि मग तिच्याच गळ्यात पडून हंबरडा फोडला.

पोरीनं गाल चोळला नाही. आईची पाठ थोपटत म्हणाली, "आये, सांजच्याला आमी समदी पार्थनेला बसतो. माज्यासंगं बसशील?"

"मी न्हाई बाटायची."

"नगं बाटूस. नुसती बस. तुज्या लेकाचं नाव घेती मी तितं. रोज घेती."

संध्याकाळी आई आत आली नाही. बाहेर पायरीवर, भिंतीला पाठ लावून बसली आणि सगळी प्रार्थना संपेपर्यंत तिथून हलली नाही.