शनिवारचं माहेर

लग्नाच्या मांडवात भटजींना हाताची घडी घालायला लावणारी नवरी मी आजवर एकच पाहिली, आणि ती नेमकी आमच्याच घरात आली. मे महिन्याचं ऊन, मांडवात पोरांचा नुसता कालवा, आणि "शांतता राखा हो" असं ओरडून ओरडून भटजींच्या घशाला कोरड पडलेली. तेवढ्यात मुंडावळ्या बांधलेल्या नवरीनं मान वर केली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "हाताची घडी, तोंडावर बोट!" पोरं तर चिडीचूप झालीच, पण पुढच्या रांगेत पान चघळत बसलेले आमचे थोरले चुलतेही तोंडावर बोट ठेवून बसले. भटजींनी हातातली पळी खाली ठेवली आणि मुकाट्यानं घडी घातली. मग तीच त्यांना म्हणाली, "तुमचं चालू द्या, गुरुजी."

माझी आई माझ्या शेजारीच उभी होती. ती पुटपुटली, "आता काय आपलं खरं नाय."

ही आमची वहिनी. पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर शिक्षिका. एका खोलीची शाळा, चार इयत्ता, आणि शिकवायला ही एकटी. पाडा आडबाजूला, एसटीचा भरवसा नाही, म्हणून सोमवारी गेलेली बाई शनिवारची सकाळची शाळा करूनच परतायची. आम्ही मखमलाबादचे माळी. गुलाब, शेवंती, थोडा भाजीपाला. माझा दादा पहाटे टेम्पोत फुलं भरून पंचवटीच्या बाजारात न्यायचा.

लग्नाच्या बोलणीत वहिनीच्या वडिलांनी विचारलंच होतं, "लेकीची नोकरी चालू राहील ना?" त्यावर आई म्हणाली, "जूनचं जूनमध्ये बघू." त्यांना वाटलं होकार आहे, आईला वाटलं नकार कळला, आणि साखरपुड्याचे पेढे वाटून झाले. मास्तरणीचं लग्न, म्हणजे सुट्टीत, मे महिन्यातच. शाळा उघडायला अजून सगळा उन्हाळा बाकी होता, त्यामुळे कुणी विषय वाढवला नाही. आई काही कजाग सासू नव्हती हो. तिचं म्हणणं साधं होतं. "एकुलता एक लेक माझा. सून आणायची ती काय शनिवार-रविवारची पाहुणी म्हणून?" मी मात्र पहिल्या दिवसापासून वहिनीच्या बाजूची. मी तेव्हा कॉलेजात होते आणि मलाही मास्तरीण व्हायचं होतं. वहिनीची शाळा सुटली असती, तर माझी कुठली सुरू व्हायला!

वहिनीला सगळ्या जगाला शाब्बासकी द्यायची खोड होती. दादानं विहिरीवरची मोटार दुरुस्त केली, शाब्बास. म्हशीनं निमूट दूध दिलं, तिलाही शाब्बास. एकदा जेवताना तिनं आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या ताटात कारल्याची भाजी वाढली. आप्पांना कारलं जन्मात आवडलं नव्हतं, पण नव्या सुनेला नाही कसं म्हणणार? त्यांनी डोळे मिटून घास घेतला आणि गिळला. वहिनी सवयीनं बोलून गेली, "शाब्बास, आप्पा!" अगं बाई! सासऱ्याला शाब्बास! आईच्या हातातलं उलथनं हातातच राहिलं. वहिनीनं जीभ चावली. आप्पा मात्र दुसऱ्या दिवशी जेवायला बसल्याबसल्या इकडेतिकडे बघत म्हणाले, "कारलं नाही केलं का आज?"

दादाचं निराळंच. तो मुलखाचा लाजाळू. घरच्यांसमोर बायकोशी बोलायची त्याची छातीच व्हायची नाही. काही सांगायचं असलं, की गोठ्याकडे तोंड करून म्हशीला ऐकवल्यासारखा बोलायचा. "चहा झाला असला तर बरं होईल." "उद्या पहाटे लवकर निघायचंय." वहिनी आतून उत्तर द्यायची आणि आम्ही पोट धरून हसायचो.

लग्नानंतर आठवड्याभरात तो बाजारातून येताना कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आला. नवऱ्यानं बायकोसाठी आणलेली पहिली वस्तू, त्यामुळे आम्ही सगळ्या डोळे लावून बसलेल्या. गजरा तर नसणार, फुलवाल्याच्या घरात गजऱ्याचं कौतुक कुणाला! वहिनीनं कागद सोडला, तर आत रंगीत खडूंचा डबा. पिवळे, गुलाबी, निळे. तिचा चेहरा असा फुलला, की पाटल्या आणल्या असत्या तरी तेवढा फुलला नसता.

आईनं विचारलं, "हे कशाला रे आणलं?"

दादानं म्हशीकडे तोंड केलं. "जूनला लागतील," म्हणाला, आणि मोटार बघायच्या निमित्तानं निघून गेला. अख्ख्या उन्हाळ्यात त्या विषयावर तो बोलला ते एवढंच. आईनं तो डबा उचलून फडताळात सगळ्यात वर ठेवला.

आजकालच्या जोडप्यांना सांगितलं तर हसतात, पण आमच्या वहिनीचं लग्नानंतरचं सगळं फिरणं झालं ते फुलांच्या टेम्पोतून, उपड्या घातलेल्या पाट्यांवर बसून. पुढे दादा आणि शेजारी आई. मागे वहिनी, मी, आप्पा, घोटीची आत्या, आणि वाटेत जे कुणी भेटेल ते. नवराबायकोच्या मध्ये टेम्पोची मागची काच! वहिनी त्या काचेवर बांगडी वाजवायची आणि दादा आरशातून बघायचा. तेवढाच त्यांचा संसार.

देवीच्या दर्शनाला वणीच्या गडावर गेलो, त्या दिवशी गर्दी मरणाची. पायऱ्यांशी येताच वहिनीतली बाई जागी झाली. "जोड्या करा! एकमेकांचा हात धरा! वर पोचेपर्यंत हात सोडायचा नाही!" तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, सगळे जोड्या करायला लागले. मी आणि आत्या. चुलता आणि चुलती. तिनं आईचा हात उचलला आणि सरळ आप्पांच्या हातात दिला. माझ्या आईआप्पांनी एकमेकांचा हात धरलेला मी तोवर कधी पाहिला नव्हता. मग उरलं कोण? दादा आणि ती. "आता काय, नाइलाज आहे," असं म्हणत तिनं सगळ्या खानदानासमोर नवऱ्याचा हात धरला. दादाचे कान लालबुंद झाले.

"लय चावट हाय मेली," आई म्हणाली. पण आप्पांचा हात तिनंही वर पोचेपर्यंत सोडला नाही.

तिथून काही दिवसांनी वहिनीच्या माहेरी, चांदवडला गेलो. कांद्याची चाळ भरून झालेली, अंगणात बाजा टाकलेल्या, आमरसाची जेवणं. निघताना तिच्या आईनं तिला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, खणानारळानं ओटी भरली, आणि तोंडावरून हात फिरवत म्हणाली, "पंचमीला ये गं." लेक सासरी निघाली की सगळ्या आया करतात तेच. पण माझी आई टेम्पोच्या दाराला धरून ते बघत राहिली. आईचे आईबाप ती लहान असतानाच गेलेले. चुलत्यानं लग्न लावून दिलं आणि हात झटकले. पंचमीला गल्लीतल्या बायका माहेरी जायच्या, तेव्हा आमची आई गुलाबाच्या वाफ्यात खुरपं घेऊन बसलेली असायची. तिची ओटी भरून तिला "ये" म्हणणारं कुणी नव्हतंच. परतीच्या वाटेवर ती दादाला एवढंच म्हणाली, "हळू चालव."

जून जवळ येत चालला, तशी वहिनी घरकामात जरा जास्तच घुसायला लागली. कुरडया घालायला बसली. तिच्या हातून कुरडई गोल म्हणून येईना. "ही चारच्या आकड्यासारखी झाली, ही आठ," असं म्हणून स्वतःच हसायची. गच्चीवर आम्ही दोघीच होतो, तेव्हा मी विचारलं, "वहिनी, शाळेचं बोललीस का आईशी?"

तिचा हात थांबला. "काय बोलू वन्सं? वाईट माणसं असती, तर भांडून गेले असते मी. तुम्ही सगळी इतकी चांगली आहात, तेच अवघड झालंय. मला हे घर पण हवंय आणि ती पोरं पण. आईंनी नाही म्हटलं तर मी जाणार नाही. पण मग मी जी कोण उरेन ना, ती तुम्हाला फार दिवस आवडायची नाही." मग पदरानं डोळे पुसून तिनं पुढची कुरडई घातली. ती नेमकी गोल आली.

शाळा उघडायच्या आधीच्या दिवसांत आम्ही तिघी दादाबरोबर पंचवटीत फुलं घेऊन गेलो होतो. भाजीबाजाराच्या तोंडाशी पेठकडच्या बायका करवंदांच्या पाट्या घेऊन बसलेल्या. त्यातली एक पाटी सोडून धावतच आली. "अगं बाय! बाई, तू हितं?" तिनं वहिनीचा हातच धरला. "पोरां रोज इचारतात, बाई कदी येल. येशील ना गं?"

वहिनी आईकडे बघेना आणि त्या बाईकडेही बघेना. शेवटी आईच म्हणाली, "मी हिची सासू."

"बेस झालं. पर शाळंच्या दिसाला धाडा हिला. मागं एक मास्तर होता, तो येयाचाच नाय. कुलूप असायचं. ही बाई आली तवापासून दार उघडं हाय." तिनं आईच्या पदरात ओंजळभर करवंदं टाकली. आई पैसे द्यायला लागली, तर म्हणाली, "बाईच्या सासूकडून घेऊ काय?"

आईनं त्यातली करवंदं कुणाला दिली नाहीत. संध्याकाळी ओट्यावर बसून एकेक करून स्वतः खाल्ली, अगदी हिरवीसुद्धा.

शाळा उघडायच्या दिवशी वहिनीची पिशवी दाराशी भरलेली होती. आदल्या दिवसापासून होती, पण हो नाही की नाही नाही, आईनं शब्द काढला नव्हता. दादा टेम्पो सुरू करून फाटकाशी उभा. मला तर रडूच फुटायचं बाकी होतं. वहिनी आईच्या पाया पडायला वाकली. "आई, मी..."

"थांब. कुंकू नाय लावलं अजून," आई म्हणाली. आत गेली आणि ताट घेऊन आली. त्यात खण, नारळ, तांदूळ, आणि फडताळातला तो खडूंचा डबा. वहिनी गोंधळली. "आई, मी माहेरी नाही चालले. शाळेत चाललेय."

"ठाव हाय मला. तुझं सासर तिकडं पाड्यावर, चांगलं लय माणसांचं. हे माहेर." आईनं तिची ओटी भरली, डबाही ओटीतच टाकला, आणि तोंडावरून हात फिरवला. "शनिवारी ये गं. उशीर केलास तर बघ."

वहिनी भरल्या ओटीनिशी आईच्या गळ्यात पडली आणि ओक्साबोक्शी रडली. दादानं फाटकाशी उभं राहून गोठ्याकडे तोंड केलं. म्हशीनं त्या दिवशी त्याला रडताना पाहिलं असणार.

मग दर सोमवारी पहाटे तेच. ओटी नसायची, पण कपाळाला कुंकू आणि "शनिवारी ये गं" चुकलं नाही. शनिवारी दुपारी आई ओट्यावर बसून रस्त्याकडे डोळे लावायची आणि एसटी उशिरा आली की एसटीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. दर जूनला पहिलीच्या नव्या पोरांसाठी गुलाबाची एक पाटी जायची, तीही आई स्वतः निवडून द्यायची. वहिनीची दोन्ही लेकरं आईनंच वाढवली आणि वर लोकांना ऐकवलं, "लेकीची लेकरं आजीकडंच असत्यात." मी डी.एड. करते म्हटलं, तेव्हा "जूनचं जूनमध्ये बघू" असं कुणी म्हणालं नाही. आज माझ्या वर्गात मी "हाताची घडी" म्हणते, तेव्हा आवाज माझा असतो, पण चाल वहिनीची.

दोन हजार साल उलटलं आणि पुढे एका हिवाळ्यात आई गेली. तेरावं झालं. पुढच्या सोमवारी वहिनीला शाळेत जायचं होतं. पिशवी घेऊन ती दारात आली आणि थांबली. उंबरा ओलांडेना. कुंकू तिनं स्वतःच लावलं होतं. मी आत उभी होते, मला कळत होतं ती कशासाठी थांबलीय, पण मी पदर डोळ्यांना लावला. आप्पांनी तोंड फिरवलं. त्या घरातून तिचं माहेर उठलं होतं, आणि ते कुणी कसं परत आणणार?

फाटकाशी दादा टेम्पोत बसला होता. नेहमीप्रमाणे तोच तिला स्टँडवर सोडायला निघालेला. त्यानं टेम्पो बंद केला, खाली उतरला, आणि आमच्या सगळ्यांदेखत, गोठ्याकडे न बघता, सरळ तिच्याकडे बघत मोठ्यानं म्हणाला, "शनिवारी ये गं!"

वहिनी त्याच्याकडे बघतच राहिली. मग आई गेल्यापासून पहिल्यांदा हसली.

"शाब्बास," ती म्हणाली, आणि पदरात तोंड घालून रडायला लागली.