कुणापैकी

फाल्गुनातल्या सकाळी कालव्याच्या पाण्याला एक वास असतो. शेवाळाचा, भिजलेल्या गवताचा, आणि त्यात मिसळलेला, पलीकडच्या रानात वाळत पडलेल्या तंबाखूचा उग्र दर्प, जो निपाणीत जन्मलेल्या माणसाच्या नाकातून मरेपर्यंत जात नाही. कोवळं ऊन पाण्यावर तिरपं उतरत असताना, जाड चाकांखाली मुरमाची करकर ऐकत त्या वासातून सायकल हाकणं हे माझ्या आयुष्यातलं एकमेव व्यसन, आणि तेही पन्नाशी उलटल्यावर लागलेलं. आठवडाभर मी बेळगावात, कॅम्पातल्या भाड्याच्या घरात राहून कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. शनिवारी सायकल गाडीच्या टपावर बांधून निपाणीला वडिलांकडे, आप्पांकडे येते. आणि रविवारी उजाडता उजाडता कालवा गाठते.

भरावावरचा हा मुरमाचा रस्ता सरकारी जीपसाठी केलेला. तोंडाशी लोखंडी आडवा बार आणि त्याला गंजकं कुलूप, त्यामुळे ट्रॅक्टर नाही, मोटार नाही, फटफटीसुद्धा क्वचितच. सायकल तेवढी उचलून पलीकडे ठेवायची, की पुढे कोसच्या कोस एका हाताला संथ पाणी, दुसऱ्या हाताला ऊस, आणि लांब खाली वेदगंगेची बाभळींनी काळवंडलेली कड. माणूस भेटलाच तर माझं हेल्मेट, काळा चष्मा बघून ‘सायकलवाल्या म्याडम’ म्हणून बाजूला सरतो आणि काही विचारत नाही. खरं सांगायचं तर मी त्या वाटेच्या प्रेमात पडले ते तिथं वाहनं नसतात म्हणून नव्हे. तिथं तो प्रश्न नसतो म्हणून.

आमच्या भागात नुसतं नाव सांगून कुणाचं समाधान होत नाही. नाव झालं, गाव झालं, की समोरचा मान जराशी तिरकी करतो आणि मऊ आवाजात जात विचारतो, “कुणापैकी?” कन्नडातही तोच शब्द, “यार पैकी री?” सीमेवरून एवढी भांडणं झाली, पाट्या फुटल्या, डोकी फुटली, पण हा शब्द दोन्ही भाषांनी गुण्यागोविंदानं वाटून घेतला. भाड्याचं घर बघताना तो येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, एकदा तर दवाखान्यात सलाईन लावताना आला. एरवी किती निरुपद्रवी शब्द हा. शंभरापैकी सत्तर गुण मिळाले, असं मी वर्गात दिवसातून दहादा म्हणत असेन.

आम्ही बौद्ध. आईनं तंबाखूच्या वखारीत छातीचं भुस्कट करून घेतलं आणि आप्पा हा कालवा खणायला होते. आज ज्या मुरमावर माझी महागडी चाकं पळतात, तो त्यांनी पाटी पाटीनं वाहून टाकलेला आहे, आणि त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं सुरुंगाच्या दगडाखाली गेली ती इथंच. खणणाऱ्यांना तहान लागली की मुकादमाचा माणूस तांब्यातून वरून धार सोडायचा आणि आमच्या वस्तीतली माणसं खाली ओंजळ धरून प्यायची. कालव्यात पाणी आणणाऱ्यांना पाणी असं मिळायचं. आप्पा हे सांगताना चिडत नाहीत, जुन्या पावसाबद्दल बोलावं तसे बोलतात. मी चिडते. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, आणि तो माझाच आहे, कुणाकडून उसना आणलेला नाही.

त्या रविवारी कालव्याला पाणी सुटलं होतं. लोखंडी बारापासून तीनेक किलोमीटर गेले असेन, तेव्हा वळणापलीकडून म्हैस पाण्यात धडपडावी तसा आवाज आला. वळले तर मोरीपाशी, जिथून रानात पाणी घेतात तिथं, कमरेएवढ्या पाण्यात एक दांडगा माणूस उभा होता आणि धुणं बुडवावं तसं दोन्ही हातांनी काहीतरी खाली दाबत होता. खाली माणूस होता. त्याचे पाय पाण्याबाहेर येत होते, पुन्हा आत जात होते, आणि दर वेळी त्यांतला जोर कमी होत होता. वरचा अगदी सावकाश, समजूत घातल्यासारखं म्हणत होता, “माझ्या पाळीचं पानी पायजे न्हवं तुला? मग पी की. पॉटभर पी.”

मी ओरडले. गळ्याच्या शिरा ताठ होईतो ओरडले. उसातून दोन पारवे उडाले, बाकी कुणी हललं नाही. ज्या निर्मनुष्यपणासाठी मी दर आठवड्याला पन्नास मैल धावत येत होते, तो तिथं आपल्या पुऱ्या अर्थासकट हजर होता. मोरीच्या कट्ट्यावर त्यांचं खोरं पडलं होतं. ते उचलून मी उतारावरून घसरत पाण्यात शिरले आणि खोऱ्याचा दांडा दोन्ही हातांनी त्याच्या पाठीत घातला. त्याचे हात सुटले. खालचा वर आला आणि त्यानं घेतलेला तो पहिला श्वास, फाटक्या भात्यासारखा, मला अजून ऐकू येतो.

इथं थांबायला हवं होतं. माणूस वाचला होता, काम झालं होतं. पण दांडगा मागं वळला. त्यानं मला हेल्मेटपासून भिजलेल्या पायांपर्यंत न्याहाळलं आणि डासाला हाकलावं तसा हात हलवून म्हणाला, “तू जा गं बाई, तुझ्या वाटंनं.” माझ्या वाटेनं. माझ्या बापाची दोन बोटं ज्याच्या पोटात पडली आहेत, त्या कालव्यात उभं राहून हा मला माझी वाट दाखवत होता. दुसरा फटका मी डोक्याच्या रोखानं मारला. त्यानं हात आडवा घातला म्हणून तो कोपरावर बसला, आणि उसाचं पेर मोडावं तसा स्वच्छ आवाज झाला.

त्या फटक्याची काहीएक गरज नव्हती, आणि तो मारताना मला बरं वाटलं. नंतर वाईट वाटलं, लाजही वाटली. पण त्या क्षणी खांद्यापासून टाचेपर्यंत जे उतरत गेलं, ते सुखच होतं. खोटंच लिहायचं तर लिहायला बसू तरी कशाला? त्यानं हात आडवा घातला नसता, तर आज ही हकिगत मी कुठं बसून सांगत असते कोण जाणे.

पुढचं विचित्र होतं. पाणी ओकत काठावर पडलेल्या माणसानं तो लोंबणारा हात पाहिला मात्र, आणि तसाच चार पायांवर रांगत आला. “आण्णा, हात हलवू नको,” असं म्हणत त्यानं आपल्या ओल्या टॉवेलाची झोळी करून थोरल्याच्या गळ्यात अडकवली. सख्खे भाऊ होते. घटकेपूर्वी एक दुसऱ्याचा जीव घेत होता, आणि आता दोघं मिळून माझ्याकडे बघत होते. मी ॲम्ब्युलन्सला फोन केला. पण तोंडाशी बाराला कुलूप, गाडी आत येणार कशी? म्हणून आम्ही चालत निघालो. पुढं कण्हणारा थोरला, त्याला धरून धाकटा, मागं सायकल हातात घेऊन मी. ऊन चढलं होतं, तिघांच्या अंगावरून कालव्याचं पाणी मुरमात ठिबकत होतं.

बार दिसू लागला. त्याच्या पलीकडे चहाची टपरी आणि तिच्याभोवती त्यांच्या गावची पंधरा-वीस माणसं. तेवढ्यात धाकटा थांबला, मान जराशी तिरकी केली आणि विचारलं, “कुणापैकी म्हनायचं तुम्ही?”

मला समोरची माणसं दिसत होती, हातातला दांडा आठवत होता, आणि उत्तर ऐकून हा मोडलेला कोपर केवढा मोठा होईल ते कळत होतं. माझ्यापुरतं राहिलं नसतं. निपाणीच्या वस्तीत, वयाची पंच्याहत्तरी ओलांडलेले आप्पा एकटे दार उघडं टाकून बसलेले असतात. मी म्हणाले, “पाटलापैकी.”

दोघांचेही चेहरे सैल झाले. थोरला तशा कळांतही हसला. “तरीच म्हटलं. एवढा हात दुसऱ्या कुनाचा उठायचा?” धाकट्यानं माझ्या हातातून सायकल घेतली. “आक्का, तुम्ही हुता म्हनून जगलो बघा,” असं म्हणत ती उचलून बाराच्या पलीकडे नेऊन ठेवली. टपरीवर त्यांनी भरावावरनं पाय घसरला म्हणून सांगितलं, डॉक्टरलाही तेच सांगितलं असणार. पोलिसात कुणी गेलं नाही, मीही नाही.

घरी येऊन आप्पांना सगळं सांगितलं. ते ऐकत होते, तीन बोटांनी गुडघा चोळत होते. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, “आनि कुनाची म्हनून सांगितलंस?” मी सांगितलं. ते म्हणाले, “म्हंजे मारबी त्यांचाच झाला.” आणि उठून चुलीवर चहाचं आधण ठेवायला गेले.

दोन रविवार मी कालव्याकडे फिरकले नाही. महामार्गाच्या कडेनं सायकल चालवून बघितली, ट्रकांचा धूर खाल्ला आणि परत आले. आप्पांच्या त्या एका वाक्यानं माझ्याकडे काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं. कालवा त्यांच्या नावावर, पाणी त्यांच्या रानात, आणि माझा राग, जो तेवढा माझा होता, तोही मी माझ्या तोंडानं त्यांच्या घरी पोचवून आले होते. मी कुणापैकी, ते आप्पा विसरले नव्हते. विसरले होते ती मी. तिसऱ्या रविवारी आप्पांना म्हटलं, “आज खरं सांगून येते. काय होईल ते होईल.” ते म्हणाले, “जा. दार उघडंच हाय.”

मोरीपाशी थोरला एकटाच बसला होता, प्लास्टरातला उजवा हात गळ्यात बांधलेला. मला बघून लगबगीनं उठला. “या आक्का, उनाचं आलाय. पानी घ्या,” म्हणत त्यानं डाव्या हातानं पितळेचा तांब्या पुढं केला. मी सायकल उभी केली, हेल्मेट काढलं, चष्मा काढला. तांब्या घेतला, ओठाला लावला आणि घोट घोट करत सगळा रिकामा केला. मग तो त्याच्या हातात परत दिला आणि सांगितलं, की मी पाटलापैकी नाही. माझे आप्पा ह्या कालव्यावर मुरूम टाकायला होते, निपाणीच्या बौद्ध वस्तीतले. त्यांना इथं ओंजळीनं पाणी प्यावं लागायचं.

त्याचे डोळे माझ्या तोंडावरून तांब्याच्या काठावर गेले, जिथं माझ्या ओठांचा ओलावा अजून वाळला नव्हता. तांब्या टाकला नाही त्यानं, खालीही ठेवला नाही. कालवा भरून वाहत होता. दुसरा हात मी मोडलेला, आणि ह्या एका हातात तांब्या धरून तो तसाच उभा राहिला.