गोठलेल्या तळ्यावरची माय

माझ्या मित्राच्या मायला या पृथ्वीवर परका माणूस अजून भेटलेला नाही. भेटतो तो एक तर ओळखीचा असतो, नाहीतर ओळखीचा व्हायचा राहून गेलेला असतो. सिंदेवाहीकडच्या तिच्या गावात हे सहज खपून जायचं. घर तळ्याच्या मासेमारीवर जगलेलं, डोक्यावर मासळीची टोपली घेऊन तिने आसपासची सगळी गावं पायाखाली घातलेली. मी वरोऱ्याचा. राजुऱ्याजवळच्या एका कोळसा खाणीत मी आणि तिचा मुलगा डंपर दुरुस्त करायचो, आणि सुट्टी मिळाली की तो मला मोटरसायकलवर मागे बसवून गावी न्यायचा. पहिल्यांदा गेलो तेव्हा माझं नाव विचारायच्या आधी तिने माझ्या ताटात मरळीचा रस्सा वाढला. मी नाव सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाली, "नाव काय पळून चाल्लं का? मच्छी थंडी होऊन राह्यली!" ते नाव तिने पुढेही कधी विचारलं नाही. तिच्यासाठी मी 'वरोऱ्याचा पोट्टा' आहे, आणि केस पांढरे व्हायला लागले तरी पोट्टाच आहे.

पुढे मी कॅनडाच्या उत्तरेकडे एका खाणीच्या गावात नोकरीला गेलो, आणि मागोमाग मित्रही बायकोला घेऊन आला. घर झालं, गाडी झाली, पण माय तिकडे गावात एकटी, म्हणून याला इकडे घास उतरेना. अखेर तिला कायमचं घेऊन यायचं ठरलं. ती लगेच तयार झाली, फक्त एक अट घातली. "मन नाई लागला तं मले वापस आनून सोडजो. मंग रडू नको." मित्राने मान हलवली. मला मात्र तो खाजगीत म्हणाला, "माय वापस गेली तं मीही जातो बे. तिले एकटी ठेवून इथी काय डंपर पुजू?"

तिला आणायला तोच गेला होता, त्यामुळे प्रवासाची कथा मी त्याच्याच तोंडून ऐकली. विमानात जेवण वाढणाऱ्या मुलीचा हात धरून ती म्हणाली, "साऱ्याइले वाढून राह्यली, तू कवा जेवशीन पोरी?" आणि आपला पाव अर्धा मोडून तिच्या हातात ठेवला. त्या मुलीने तो नाकारायचा प्रयत्न केला, पण मायपुढे नाकारणं ही गोष्ट आजवर कोणाला जमलेली नाही. उतरल्यावर तपासणीच्या अधिकाऱ्याने तिची पिशवी उघडली. आत सुक्या झिंग्यांचं गाठोडं होतं. "घे बापू, चाखून पाह्य," माय म्हणाली. अधिकाऱ्याने एकदा वास घेतला, उघडली होती त्यापेक्षा कितीतरी घाईने पिशवी बंद केली आणि हाताने 'जा जा' अशी खूण केली. "चांगला मानूस होता," असं माय अजून सांगते, "पन पोटाचा कच्चा."

ती आली तेव्हा उन्हाळा होता. लुगडं, त्यावर सुनेचं स्वेटर, पायांत मोजे आणि मोज्यांवर चप्पल अशा थाटात ती रोज सकाळी गल्लीतून निघायची आणि दिसेल त्याला विचारायची, "जेवन झाला का?" कुत्रं फिरवणाऱ्या बाईला, गवत कापणाऱ्याला, टपाल टाकणाऱ्याला, सगळ्यांना. पहिल्या आठवड्यात लोक नुसते हसायचे. महिना झाला नाही तोच टपालवाला लांबूनच हात वर करून "झाला, झाला!" असं ओरडायला लागला.

गावाला लागूनच मोठं तळं आहे. एका संध्याकाळी मी तिला तिथे घेऊन गेलो. काठावर आमच्याच गल्लीतला एक म्हातारा गळ टाकून बसला होता. त्याला चांगला हातभर मासा लागला. त्याने तो काढला, कौतुकाने पाहिला आणि पुन्हा पाण्यात सोडून दिला. माय जागच्या जागी उभी राहिली.

"पकडते अन् सोडून देते? मंग पकडते काऊन? विचार त्याले."

मी विचारलं. म्हातारा म्हणाला, बायको गेल्यापासून घरात स्वयंपाक होत नाही, एकट्यासाठी कोण करणार?

"एवढाच ना!" माय म्हणाली. "त्याले सांग, आता सोडू नको. आमच्या घरी आन."

दुसऱ्या दिवशी तो खरोखरच मासा घेऊन दारात आला. मायने आपला नेहमीचा लालभडक रस्सा केला. पहिल्या घासाला म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून आणि नाकातून धारा लागल्या. "बिचारा," माय हळूच मला म्हणाली, "बायकोची याद आली त्याले," आणि सांत्वन म्हणून तिने आणखी दोन पळ्या रस्सा वाढला. तरी तो येत राहिला. माय त्याला 'भाऊ' म्हणायची, तो तिला 'माय' म्हणायचा, आणि दोघं आपापल्या भाषेत तासभर बोलायचे. मी दुभाष्या म्हणून मध्ये तोंड घातलं की दोघांनाही अडचण व्हायची.

मग हिवाळा आला. बर्फाने रस्ते भरले, तळं गोठून पांढरं झालं, दारं बंद झाली. मित्र आणि त्याची बायको कामावर, भाऊ कंबर धरून घरात, आणि माय खिडकीशी. बोलायला कोणी दिसेना. तिचं जेवण कमी झालं, आवाजही खाली आला. एक दिवस तिने मुलाला सांगितलं, "इथचे लोक कुठी गेले रे? तळाबी मेला. मले पोचवून दे." मित्र वर्कशॉपमध्ये माझ्यापाशी येऊन पाना हातात घेऊन नुसता उभा राहिला. "राजीनामा देतो," म्हणाला.

त्या रविवारी भाऊ दारात हजर. कंबर सुटली होती. गाडीत बर्फाला भोक पाडायचं यंत्र आणि दोन बादल्या होत्या. तो मित्राला म्हणाला, "मायला घाल काहीतरी गरम." आम्ही तिला मित्राचं खाणीतलं जाकीट, एकावर एक दोन माकडटोप्या आणि सुनेचे बूट चढवले. खाली लुगडं होतंच. तळ्यावर पोचलो तर गल्लीतली अर्धी माणसं तिथेच! भोकं पाडून, गळ सोडून, बादल्या उलट्या घालून बसलेली.

माय काठाशी अडली. "तळ्यावर पाय कसा ठेवू?" तिने वाकून बर्फाला हात लावला, तो कपाळाला लावला आणि मगच पाऊल टाकलं. भाऊने यंत्र फिरवलं. बर्फाचा भुगा उडाला आणि भोकातून काळं पाणी वर आलं. माय गुडघ्यांवर बसली, वाकून आत पाहिलं, आणि जी ओरडली की शेजारच्यांचे गळ हलले असतील.

"पानी हाय रे! जित्ता हाय तळा!"

मग ती बादलीवर बसली आणि त्या सगळ्या गोठलेल्या माणसांकडे पाहून हसायला लागली. "एवढ्या थंडीत मच्छीपायी बसून राह्यले! पागल हायेत. आपल्यावानीच हायेत." जाकीट सावरत ती उठली आणि एकेका भोकापाशी जाऊन विचारू लागली, जेवन झाला का म्हणून. परत येताना मित्राने घाबरत घाबरत विचारलं, "माय, तिकीट काढू का वापसीचं?" ती म्हणाली, "कायचा तिकीट? भाऊले अजून मच्छीबी साफ कराले येत नाई."

मागच्या दिवाळीला मी रजेवर वरोऱ्याला गेलो होतो. मायने निघताना एकच काम सांगितलं होतं, गावच्या तळ्यात पाणी किती आहे ते पाहून ये. मी तिच्या गावी गेलो आणि तळ्याच्या काठावरून तिला व्हिडिओ कॉल लावला. तळ्यावर ऊन उतरत होतं, कॅनडात ती सकाळचा चहा पीत होती. मी फोन तळ्याकडे फिरवला. पाणी काठोकाठ होतं. शिंगाड्याचे वेल पसरले होते, पलीकडे धान पिवळं पडलं होतं आणि एक माणूस डोंग्यात उभा राहून जाळं ओढत होता.

"फोन हालवू नको," ती म्हणाली. तो माणूस कोण, कोणाचा, हेही तिने विचारलं नाही. नुसती पाहत राहिली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "झाला बापू. जा आता, तुही माय वाट पाहून राह्यली असन."

पण फोन तिने ठेवला नाही, आणि मीही ठेवला नाही. हात भरून आला तसा फोन दुसऱ्या हातात घेतला, आणि डोंगा काठाला लागेपर्यंत तसाच पाण्याकडे धरून उभा राहिलो.