पाटीचा रिकामा कोपरा

नाशिकमध्ये सातपूरला आमच्या कामगार संघटनेच्या ऑफिसवरची पाटी ज्या पेंटरकाकांनी रंगवली, ते प्रत्येक पाटीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत स्वतःचं नाव टाकतात. आमच्या पाटीवर टाकलं नव्हतं. मला वाटलं, विसरले.

पुढे दुसऱ्या शहरातल्या काही डिझायनर पोरांनी रस्त्यावरच्या पाट्यांचे फोटो काढून एक फॉन्ट केला. मोबाईलवर बघितला आणि लगेच ओळखला. आमचीच पाटी. तोच मागे रेललेला ‘क’, तीच मध्येच जाड होणारी शिरोरेषा. खाली लिहिलं होतं, ‘नाशिकच्या अनामिक कारागिराच्या अक्षरांवरून’.

अनामिक म्हणे. नाक्यावरच्या चहावाल्याला विचारलं असतं तरी त्याने काकांचं नाव, घर, स्कूटरचा रंग, सगळं सांगितलं असतं. मी पत्रकं लिहून लिहून तयार झालेली. आठ ओळींत समोरच्याला सोलता येतं मला. जाहीर पत्र लिहिलं, कंपन्यांच्या गेटवर सह्या घेतल्या. त्या पोरांनी वाद न घालता माफी मागितली आणि फॉन्टला काकांचंच नाव दिलं. जिंकलो की आम्ही.

फॉन्टच्या वेबपानाची प्रिंट घेऊन मी काकांकडे गेले. ते फुलांच्या एका टेम्पोवर नाव रंगवत होते. आधी खडू लावलेल्या दोरीचं टोक मला धरायला लावलं, सरळ रेघ उमटवून घेतली, मग प्रिंट हातात घेतली.

“हे डाव्या हाताचं आहे,” ते म्हणाले.

आमची पाटी करायच्या आठवड्यात त्यांचा उजवा खांदा निखळला होता. त्यांनी पंधरा दिवस मागितले होते. आमची गेटसभा तोंडावर आलेली, म्हणून मी रोज फोन करत होते. गळ्यात बांधलेला हात मला दिसला होता. दिसला नव्हता असं म्हणता येणार नाही. शेवटी त्यांनी डाव्या हाताने काम उरकलं आणि कोपरा रिकामा ठेवला.

लोकांना ही अक्षरं आवडतायत, असं मी म्हणाले. काका म्हणाले, लोकांचं काय जातंय, उद्या दुसरे पेंटर बघतील आणि म्हणतील, म्हाताऱ्याचा हात गेला.

“मी नाव टाकलं नाही ते विसरून नाही, ताई. तुम्ही टाकलंत. मला विचारायचं तरी.”

दुसरं पत्र लिहायला पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. यात सोलायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. काकांचं नाव काढा, असं लिहिलं; आणि ‘अनामिक’ही परत लिहू नका. त्या जागी काय लिहायचं ते तुमचं तुम्ही बघा. पोरांनी नाव काढलं.

काकांना विचारलं, पाटी नव्याने कराल का? पत्रा घासून आणा म्हणाले. मी पाटी उतरवली, घासली, नेऊन दिली. कधी मिळेल, ते विचारलं नाही.