बरगंडीच्या वासात उदबत्ती

आधी लीड्सच्या मावशींचं सांगते, बाकीच्यांचा समाचार मग. त्या माझ्या नात्यातल्या नव्हेत; लंडनमधल्या इल्फर्डला मी ज्या दादा-वहिनींच्या घरी भाड्याने राहायचे, त्या वहिनींच्या सख्ख्या मावशी. हॉस्पिटलात नर्स म्हणून त्यांनी उभा जन्म काढला. आज माझ्या डोक्यावर छप्पर आहे ते त्यांच्यामुळे.

मी नववीत शाळा सोडलेली. इथे म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालायचं, भरवायचं काम करते. एकट्या बाईला कुणी खोली देईना, तेव्हा दादांनी जिन्यावरची बॉक्सरूम दिली, एक पलंग जेमतेम मावेल एवढी. कागद नाही, करार नाही, नुसता शब्द. त्यामुळे मी त्या घरात पाहुण्यांच्या चपलांसारखी राहायचे, दाराशी, अंग चोरून.

दादांना वाइनचं वेड. तेही साधंसुधं नाही, फ्रान्समधल्या बरगंडीचं. पिनो न्वार नावाच्या द्राक्षाची लाल वाइन. "हिचं सगळं वासात असतं," असं मी भांडी घासत असताना दादा ऐकवायचे. एका शनिवारी ते वर्षानुवर्षं जपलेली बाटली उघडणार होते. आदल्या दिवसापासून घरात फोडणीला बंदी. हिंगाची डबीसुद्धा गॅरेजमध्ये. उदबत्तीबद्दल मात्र कुणी काही बोललं नाही.

संध्याकाळी मी माझ्या खोलीत देवापुढे उदबत्ती लावली. रोज एक लावते, त्या दिवशी दोन. दादांची पार्टी नीट होऊ दे म्हणून! आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. आणि दादांच्याही.

खाली पाहुणे जमले होते, लीड्सहून मावशीही आल्या होत्या. जिन्यावरून सगळं ऐकू येत होतं. केंब्रिजहून आलेल्या संशोधक महाशयांनी ग्लासात नाक खुपसलं असावं. "मला मोगरा येतोय," ते म्हणाले.

"मला तर आरती ऐकू येतेय," दुसरा म्हणाला. "प्रसाद कधी आहे?"

सगळे खो-खो हसले.

"अगं ए, खाली ये!" दादा ओरडले. मी गेले. "काय लावलंस वर?"

"उदबत्ती, दादा. रोजच लावते."

"शाळा सोडलीस तेव्हा अक्कलही तिथेच ठेवून आलीस का? महिनाअखेरीला खोली रिकामी कर."

सगळ्यांदेखत. वहिनी चीजच्या ताटाकडे बघत राहिल्या. ग्लासातली वाइन इतकी फिकी, की आमच्याकडे आमसुलाचं सार याहून रंगदार असतं. त्या पाण्यापायी माझी खोली गेली.

मावशी उठल्या. बाटली मानेला धरून उचलली. "नाकं घरात चालत नसतील तर मागच्या अंगणात चला. वारा फुकट आहे."

मग ती सगळी शिकलेली मंडळी कचऱ्याच्या डब्यांशेजारी कुडकुडत उभी. मावशींनी एक ग्लास माझ्या हातात दिला.

"मी पीत नाही हो, मावशी."

"पिऊ नकोस, हुंग. कशापायी शिव्या खाल्ल्यास ते तरी कळू दे."

हुंगलं. आधी नुसती थंडी. मग करवंदं. मग ओली पानं, पार्कातल्या बाकाखाली कुजतात तशी. मग परत करवंदं, पण लांबून. मला रागच आला. इतकं चांगलं काहीतरी या माणसाच्या घरात असावं!

"छान आहे," मी म्हटलं.

"छान!" केंब्रिजवाले हसले. "झालं टेस्टिंग."

"मलाही छानच वाटली," मावशी म्हणाल्या. "तुम्हाला आणखी काय हवंय तिच्याकडून?"

दादा इतरांना सांगत होते, "गारव्यात कशी खुलली बघा, मला माहीतच होतं." खोलीचं बोलणं त्यांनी मागे घेतलं नाही. मीही हात जोडले नाहीत.

निघण्याआधी मावशींनी अंगणातूनच इल्फर्डमधल्या मैत्रिणीला फोन लावला. "तुझी वरची खोली रिकामी आहे ना? एक मुलगी पाठवतेय. उदबत्ती लावते हं, आधीच सांगते." त्याच खोलीत बसून हे लिहितेय.

त्या लोकांना मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण मावशी, एक दिवस तशाच फिक्या लाल वाइनची बाटली घेऊन मी लीड्सला येईन. थोडी गार करून, तुमच्याच अंगणात पहिला ग्लास तुमच्या हातात देईन. त्या संध्याकाळी देवापुढे फक्त दिवा लावेन.