लाल अक्षरांतली उत्तरं

शाळेच्या शंभरीच्या अंकासाठी मिसेस लेम्पी कोस्केलांवर मी लिहावं, असं त्यांच्या मुलीने कळवलं. तिने चुकीचा माणूस निवडला. त्यांनी वीस वर्षं शाळेच्या जेवणघरात माझ्या ताटात बटाटे वाढले आणि मी मान हलवून पुढे सरकलो. याला ओळख म्हणत असतील, तर तेवढी होती.

१९७१ साली जेवणघराच्या मुख्य बाई निवृत्त होणार होत्या. त्या जागेसाठी हायस्कूलचं प्रमाणपत्र लागे. मिसेस कोस्केलांची शाळा लग्नामुळे सुटलेली. बाकीचे विषय त्यांनी टपालाने अभ्यास करून पुरे केले होते, अकरावीचं अमेरिकन साहित्य तेवढं राहिलं होतं. म्हणून प्रिन्सिपॉलनी त्यांना माझ्या सकाळच्या तासाला बसवलं. सत्तेचाळीस वर्षांच्या बाई, पहिल्या बाकावर, एप्रनसकट. मुलं त्यांना जरा घाबरत. मी मुलांहून जास्त.

कारण माझं सगळं ज्ञान पाठ्यपुस्तकाच्या शिक्षकांसाठीच्या प्रतीत होतं. तिच्यात प्रत्येक प्रश्नाखाली लाल अक्षरांत उत्तर छापलेलं असे. ते वाचून मी क्षणभर खिडकीबाहेर बघायचो, स्वतः विचार करतोय असं वाटावं म्हणून.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी ती प्रत जेवणघरात विसरलो. मिसेस कोस्केला ती वर्गात घेऊन आल्या.

"ग्रेव्ही सांडली होती, मिस्टर हॉवलंड. पान एकशे बारावर."

"तुम्ही उघडलीत?"

"न उघडता कशी पुसू?"

पेपरात नेमका त्याच पानावरचा प्रश्न होता. कथेतल्या विधवेच्या स्वयंपाकघरातली रिकामी खुर्ची कशाचं प्रतीक आहे? दहा गुण. लाल अक्षरं सांगत होती, देशाच्या एकाकीपणाचं. मिसेस कोस्केलांनी लिहिलं होतं, 'कशाचंच नाही. तिला ती हलवणं जमत नाही. माझ्याकडची खुर्ची दोन वर्षं तशीच होती.'

त्यांचा नवरा खाणीतल्या अपघातात गेला होता, हे माझ्याखेरीज सगळ्या शाळेला ठाऊक होतं.

शून्य दिलं तर त्या चार गुणांनी नापास होत होत्या. मी त्यांना बोलावलं.

"उत्तर तर तुम्ही वाचलं होतंत. मग तेच का नाही लिहिलंत?"

"पटलं नाही. लिहिणाऱ्याने स्वयंपाकघर कधी झाडलेलं दिसत नाही."

"नापास व्हाल."

"मग पुढच्या वर्षी परत बसेन. तोवर तुम्ही नवी प्रत मागवा. हिला वास येतोय."

मी नऊ गुण दिले. एक का कापला, ते आजही सांगता येत नाही. बहुधा लाल अक्षरांची लाज राखायला. पुढे मी वर्गात त्या ओळींवर पट्टी ठेवून शिकवू लागलो. माझे तास फार लवकर संपायचे.

मिसेस कोस्केला मुख्य बाई झाल्या, तरी वाढायला स्वतः उभ्या राहत. मी निवृत्त झालो त्या दिवशीही होत्या.

"मटार की मका?"

"मका."

"नक्की?"

"नाही."

त्यांनी दोन्ही वाढलं. "सरका पुढे, मागे रांग थांबलीय."