दोर बांधून उतरलेला माणूस

त्या दोघांना सगळे पोहरा आणि बांबू म्हणत. पोहरा बुटका, गोल, वर-खाली सारख्याच घेराचा. बांबू इतका उंच, की चर्चच्या बाजूच्या दारातून आत येताना तो सवयीने मान झुकवायचा आणि नवख्या लोकांना वाटायचं, काय भाविक माणूस आहे! दोघं मिळून विहिरी साफ करायचे. गाळ उपसायचा, बुजलेले झरे मोकळे करायचे, ढासळलेले दगड पुन्हा बसवायचे. दोघं रस्त्याने निघाले की लोकांना चेष्टा सुचायची आणि दोघंही हसून घ्यायचे. पोहऱ्याने त्यातली एक चेष्टा मात्र मनावर घेतली, आणि सगळं तिथून बिघडलं.

विहिरीच्या धंद्यात एक नियम आहे. त्यात ना कुणाची हुशारी लागते, ना शिक्षण. झाकलेल्या विहिरीत माणूस उतरण्याआधी पेटता कंदील उतरवायचा. कंदील तळाशी जळत राहिला तर माणूस जाणार. विझला तर खाली विषारी गॅस आहे, माणूस वरच थांबणार. काल कंदील जळला होता म्हणून आज सोडायचा नाही, असं चालत नाही. खालची हवा रोज नवी असते. बांबू या बाबतीत इतका काटेकोर होता, की पोहरा त्याला कंदिलाचा भाऊ म्हणायचा.

त्या दिवशी ते धोबीखान्याच्या मागच्या विहिरीवर होते. काम अर्धं झालं होतं, मध्ये रविवार गेला होता, आणि विहिरीवर फळ्या टाकलेल्या होत्या. सकाळी फळ्या काढल्या तर कंदिलात तेल नाही. बांबू कंदील घेऊन तेल आणायला पुढच्या दुकानात गेला. पोहरा काठावर बसून राहिला. तेवढ्यात चादरी पिळणाऱ्या बायकांपैकी एक म्हणाली, "काय हो, मालक गेले वाटतं? मालकांशिवाय तुम्हाला पाय खाली टाकता येत नाही?" दुसरी म्हणाली, "अगं, पोहरा कुठे आपला आपण उतरतो? त्याला कुणीतरी सोडावं लागतं." सगळ्या खदखदून हसल्या. एवढंच. एरवी पोहऱ्यानेही वर दोन वाक्यं टाकली असती. पण त्या दिवशी त्याला ते झोंबलं. तो उठला आणि भिंतीतल्या लोखंडी कड्या धरून, कंदील नाही, दोर नाही, असा सरळ खाली उतरला. बायका तोवर पिळलेल्या चादरी वाळत घालायला पलीकडे गेल्या होत्या.

तळाशी गाळात पाय टेकल्याचं त्याला आठवतं. मग डोळे उघडले ते इस्पितळातच.

मधलं त्याला भट्टीवाल्याने सांगितलं. हा भट्टीवाला धोबीखान्यात पाणी तापवायचा, आणि विहिरीजवळ तेव्हा तो एकटाच होता. इस्पितळातल्या खाटेजवळ स्टुलावर बसून, हातातली टोपी चुरगाळत त्याने सांगितलं, की बांबू पेटता कंदील घेऊन आला, वाकून पाहिलं, आणि कंदील तसाच काठावर ठेवला. रहाटावरचा दोर काढून स्वतःच्या छातीभोवती बांधला. गाठ ओढून पाहिली. मग पुन्हा ओढून पाहिली. भट्टीवाल्याच्या हातात दुसरं टोक देऊन म्हणाला, "हिसका दिला की ओढ. जीव गेला तरी सोडू नकोस." मोठा श्वास घेतला आणि गेला. हिसका आला. भट्टीवाल्याने आरडाओरडा केला, बायका धावल्या, सगळ्यांनी मिळून दोर ओढला. दोराला बांधलेला माणूस वर आला, तो गोल होता.

"आम्ही दोर परत सोडला," भट्टीवाला म्हणाला. "पण खाली बांधून घ्यायला कोण होतं? मी उतरत होतो, बायकांनी मला धरून ठेवलं. मग कंदील सोडला. अर्ध्यातच विझला." तो रडला. पुढे धोबीखान्यात त्याचं मन लागेना, म्हणून तो आपल्या भावाकडे दूर निघून गेला. जाताना हे सगळं पोहऱ्याच्या पदरात टाकून गेला.

बांबूला एकच मुलगी. शिवणकाम करायची. बायको त्याआधी दोन वर्षं वारली होती, आणि तेव्हापासून बांबू बोलायचा कमी आणि जेवायचा त्याहून कमी. दफनानंतर मुलगी पोहऱ्याकडे आली. तिला आणखी काही नको होतं. नेमकं काय झालं तेवढं हवं होतं. पोहऱ्याच्या घशाशी खरं आलं होतं. पण दारात त्याची बायको उभी होती, शेजारी उभे होते, आणि खरं सांगायचं तर सुरुवात स्वतःपासून करावी लागणार होती. तो म्हणाला, "कंदील सोडला होता गं आम्ही. जळत होता. गॅस मागाहून आला." पोरगी तशीच बघत राहिली. ती नजर त्याला सोसेना, म्हणून त्याने आणखी एक वाक्य जोडलं. "आणि तुझी आई गेल्यापासून तुझा बाबा जिवाला कंटाळलाच होता ना."

माणूस खोटं बोलतो ते पुष्कळदा निव्वळ भीतीपोटी, आणि मी त्याला माफ करायला तयार आहे. पण या दुसऱ्या वाक्याला माफी नाही, कारण ते बोलल्यावर पोहऱ्याला बरं वाटलं. छातीवरचा दगड हलला. बांबूला जायचंच होतं, आपण नुसतं निमित्त झालो, असं म्हटलं की मेलेल्या माणसाचं काही देणं उरत नाही. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली, आणि पुढे आयुष्यभर त्याला त्या झोपेचीच सर्वांत जास्त लाज वाटली.

वाक्याला पाय फुटले. पोहऱ्याची शेजारीण पावाच्या दुकानात बसायची. तिच्या हाती पडलेली गोष्ट पावाबरोबर घरोघर जायची. "मरायचंच होतं हो त्याला, मित्राचं निमित्त झालं." आधी जे लोक बांबूने प्राण दिला म्हणून डोळे पुसत होते, तेच आता त्याने प्राण टाकला म्हणून मान हलवू लागले. देवाने दिलेला जीव असा भिरकावायचा असतो का, असं कुणीतरी मुलीच्या तोंडावर म्हणालं. तिने घरातली बापाची तसबीर भिंतीकडे तोंड करून ठेवली. "मी होते ना घरात," ती पोहऱ्याच्या बायकोला एकदा म्हणाली. "मी पुरेशी नव्हते का त्यांना?"

बायकोने हे घरी येऊन सांगितलं तेव्हा पोहऱ्याचा घास हातातच राहिला. त्याने विहिरीचं काम सोडलं. नळ, हातपंप, गळकी छपरं, मिळेल ती दुरुस्ती करू लागला. चर्चमध्ये जायचा, पण शेवटच्या बाकावर बसायचा आणि कम्युनियनच्या, म्हणजे प्रसादाच्या रांगेत उभा राहायचा नाही. बायको म्हणायची, "अहो, एवढं कसलं पाप केलंत? तुमच्यात पाप करण्याइतकी चपळाई तरी आहे का?" तो हसायचा. त्या हसण्यात दम नसायचा, हे तिला कळत होतं. पण नवऱ्याला मित्राचं दुःख आहे, अशी तिने समजूत करून घेतली होती.

वर्ष होत आलं. थडग्यावर दगड बसवायची वेळ आली. दगड घडून तयार झाला, नाव कोरून झालं, खाली एका ओळीची जागा ठेवली होती. फादरांनी सुचवलं होतं, 'मित्रासाठी प्राण दिला' असं कोरावं. मुलगी तयार होईना. जे खरं आहे की नाही ठाऊक नाही ते बापाच्या उरावर कशाला ठेवायचं, असं तिचं म्हणणं. पाथरवट रोज विचारायचा आणि ती रोज उद्यावर ढकलायची.

त्याच आठवड्यात चर्चच्या अंगणातला हातपंप बिघडला आणि पोहऱ्याला बोलावणं आलं. फादर नवीन होते, तरुण होते, आणि पाना धरायची हौस असलेले होते. पोहरा पंपाचा दांडा सोडवत होता, फादर खालची नळी धरून बसले होते, दोघांचे हात काळे झाले होते. बराच वेळ गेल्यावर पोहरा मान वर न करता म्हणाला, "फादर, एक विचारू? प्रभूने आपणहून क्रुसावर मरण घेतलं. पळता आलं असतं, पळाला नाही. मग ते आणि... जीव देणं, यात फरक काय?"

फादरांनी पुस्तकी उत्तर दिलं असतं तर पोहऱ्याने ते मान डोलावून ऐकलं असतं आणि सुटला असता. पण फादर नळी धरून विचार करत राहिले. म्हणाले, "मरायच्या आदल्या रात्री बागेत तो किती घाबरला होता, आठवतंय? घामाघूम झाला. हे टळेल तर टाळ, म्हणून आकाशातल्या बापाला विनवलं. त्याला मरायची हौस नव्हती हो. त्याला जगायचं होतं. मला तर वाटतं, म्हणूनच ते बलिदान. ज्याला जगायचंय, परत यायचंय, आणि तरी दुसऱ्यासाठी जो हातातलं सोडतो, त्याने दिलं. मरण त्याला नकोच होतं, माणसं हवी होती."

"आणि ज्याला खरंच जगणं नकोसं झालं?"

"त्याच्यासाठी मी जास्त प्रार्थना करतो," फादर म्हणाले. "त्याचा निवाडा करायला मला कुणी नेमलेलं नाही. पण ज्याला जगायचं होतं, त्याला जगायचं नव्हतं असं आपण म्हणायचं, हा मात्र अन्याय. त्याने दिलेलं आपण कचऱ्यात टाकतो." ते हे सहज बोलले. समोरचा माणूस कुणाबद्दल विचारतो आहे, हे त्यांना ठाऊक असावं. पण ते त्यांनी दाखवलं नाही.

पोहऱ्याला भट्टीवाल्याचे शब्द आठवले. गाठ ओढून पाहिली, मग पुन्हा ओढून पाहिली. वर्षभर हे त्याच्या आत पडून होतं आणि त्याने त्याच्यावर फळ्या टाकल्या होत्या. मरायला निघालेला माणूस गाठ तपासत नाही. दोर बांधून उतरलेल्या माणसाला वर यायचं असतं. खाली गेल्यावर बांबूने तो दोर स्वतःच्या छातीवरून सोडला, अंधारात, श्वास कोंडून, आणि दुसऱ्याच्या जाडजूड अंगाभोवती बांधत बसला. पोहऱ्याला पहिल्यांदा ते बोटांसकट दिसलं. पंप जोडायचा तसाच टाकून तो उठला.

मुलगी मशीनवर बसली होती. उशांच्या खोळींचा ढीग बाजूला होता. पोहरा दारातच उभा राहिला.

"काका, बसा ना."

"बसत नाही. आधी ऐक, मग बस म्हणायचं की नाही ते तू ठरव." आणि त्याने सांगितलं. या वेळी सुरुवात स्वतःपासून केली. तेल नव्हतं. बायका हसल्या. मी रागाने उतरलो. कंदील सोडलाच नव्हता, तो तुझ्या बाबाच्या हातात होता. गॅस मागाहून आला नाही, तो तिथेच होता, आणि ते कळायला एक कंदील पुरला असता. मशीन थांबलं. तो बोलत राहिला. भट्टीवाला, दोर, छातीभोवतीची गाठ.

"दोर त्यांनी स्वतःला बांधला होता?" तिने विचारलं.

"हो. ओढून पाहिला. दोनदा."

"म्हणजे बाबांना परत यायचं होतं."

"तुझ्याकडे यायचं होतं पोरी. मी तुला खोटं सांगितलं. मला झोप लागावी म्हणून सांगितलं."

ती खोळीत तोंड खुपसून रडली. बाप गेल्यावर ती अशी रडली नव्हती; तेव्हा रागाने तिचे डोळे कोरडे होते. पोहरा उभाच होता. त्याला वाटलं, आता ती ओरडेल, आणि ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती उठली, भिंतीजवळ गेली आणि तसबीर फिरवली. काचेवरची धूळ पदराने पुसली. मग त्याच्याकडे वळली.

"मी तुम्हाला माफ केलं, असं आत्ता माझ्याच्याने म्हणवणार नाही," ती म्हणाली. "पुढचं माहीत नाही. पण दगडावर काय कोरायचं ते मला कळलं. आणि काका, लोक त्याचा अर्थ विचारतील. मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं. जो कोणी विचारेल, त्याला. पहिल्यापासून सगळं."

दगड बसला. वर नाव, आणि खाली एकच ओळ: 'यांना घरी यायचं होतं.'

रविवारी मिस्सेची प्रार्थना सुटल्यावर लोक दफनभूमीत थांबून ती ओळ वाचू लागले आणि एकमेकांकडे बघू लागले. मुलगी फुलं ठेवून बाजूला उभी राहिली. पोहरा दगडापाशी होता, हातात टोपी, आज त्याला मागचा बाक नव्हता. पावाच्या दुकानातली शेजारीण पुढे आली. ती थांबणारी नव्हतीच.

"घरी यायचं होतं म्हणजे काय हो?" तिने विचारलं. "हे काय कोरलंय?"

पोहऱ्याने मुलीकडे पाहिलं. ती त्याच्याचकडे बघत होती.

"सांगतो," तो म्हणाला. "कंदील मी सोडला नव्हता."